कॅमेऱ्यामागे लपणं थांबवायचं कसं?

प्रश्न : समारंभात अनोळखी लोकांशी बोलताना अवघडायला होतं. कॅमेरा हाती असला की धीर येतो, पण मग मी त्याच्यामागेच लपते. काय करू?

उत्तर : आधी झूम लेन्स घरी ठेवा, लांबून फोटो काढायची पळवाट तीच. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ५० मिमीची, झूम न होणारी लेन्स लावा. उभ्या चौकटीत कमरेपर्यंतचा फोटो हवा तर साधारण दीड मीटरवर जावंच लागतं आणि तिथे गप्प राहणं उलट अवघड! शटरचा वेग १/१२५ सेकंद, आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील, ते ठरवणारं सेटिंग) ऑटो, हे आधीच लावून ठेवा. ऐनवेळी सेटिंगमध्ये डोकं घातलं की समोरचा ताटकळतो. विचारूनच फोटो काढा आणि लगेच स्क्रीन दाखवा. बोलणं बहुधा तिथे सुरू होतं. अधूनमधून दहा मिनिटं कॅमेरा बॅगेत. भीतीपोटी कार्यक्रमच टाळत असाल, तर समुपदेशकांना भेटा.