उन्हातली शिंक, शेंगा चटणीचा घाम आणि कडाकडा बोटं

प्रश्न : घरातनं बाहेर पाऊल टाकलं, ऊन डोळ्यावर आलं की मला शिंक येतेच, तीपण दोन-तीनदा. सर्दी नाही काही नाही. सासूबाई लगेच म्हणतात थांब, पाणी पी, मग जा. ही ॲलर्जी असेल का? (बाळीवेस)

उत्तर : नाही हो ताई, आणि अपशकुन तर मुळीच नाही. अंधारातनं एकदम लख्ख उजेडात आलं की शिंकणारी माणसं भरपूर असतात, चार-पाच जणांत एखादा निघतोच, आणि हे घराण्यात चालत येतं, आई किंवा वडलांना असलं तर मुलात यायची शक्यता निम्मी, त्यामुळं माहेरी विचारून बघा. प्राचीन ग्रीसमधल्या ॲरिस्टॉटल या तत्त्वज्ञाला वाटायचं हे उन्हाच्या उष्णतेनं होतं. पुढं सतराव्या शतकात फ्रान्सिस बेकन या इंग्रज विचारवंतानं डोळे मिटून उन्हाकडं तोंड केलं तर शिंक आलीच नाही, म्हणजे भानगड उष्णतेची नाही, डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाची आहे. डोळ्याकडनं मेंदूत जाणारा निरोप वाटेत नाकाच्या नसेलाही चाळवतो असं मानतात. सासूबाईंचं थांबायला सांगणं मला तरी आवडलं, उंबऱ्यात जरा थांबलं की डोळे उजेडाला सरावतात. फक्त गाडीवर जपा. शिंकताना डोळे मिटतातच, म्हणून तळघरातल्या पार्किंगमधनं मे महिन्याच्या उन्हात गाडी काढायच्या आधी गॉगल लावा, बाहेर आल्यावर नाही.

प्रश्न : आमच्याकडं कडक भाकरी आणि शेंगा चटणी रोज लागते. यजमानांना दुसऱ्या घासालाच डोक्यातनं घाम फुटतो, नाक वाहतं, तांब्याभर पाणी पितात तरी चटणी सोडत नाहीत. मुलगी म्हणते पप्पांना अल्सर होणार. खरंय का? (विडी घरकुल)

उत्तर : मावशी, आधी घामाचं सांगतो, कारण ते फार सुंदर प्रकरण आहे. आपल्या जिभेतल्या नसांवर उष्णता ओळखणारे सेन्सर असतात, साधारण ४३ अंशांच्या वर काही लागलं की ते मेंदूला कळवतात की भाजतंय, आणि मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन नेमकं त्याच सेन्सरला जाऊन चिकटतं. म्हणजे चटणी गार असली तरी मेंदूला वाटतं तोंडात विस्तव आहे, मग तो अंग गार करायला घाम सोडतो, नाकाडोळ्यातनं पाणी काढतो. हा सेन्सर शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, दुसऱ्या एका शास्त्रज्ञाबरोबर विभागून. पोपट मिरची मजेत खातो ना, त्याचं कारणही तेच, पक्ष्यांच्या सेन्सरला कॅप्सेसिन लागतच नाही. आणि पाण्याचा उपयोग होत नाही कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, ते तोंडभर पसरतं फक्त. दही द्या. चटणीवर दही घ्यायची आपल्याकडची पद्धत एकदम बरोबर आहे.

आता अल्सर. मुलीची काळजी रास्त आहे पण चटणीनं अल्सर होत नाही. आधीपासून ॲसिडिटी असेल तर जळजळ वाढते, तेव्हा कमी खावं, एवढंच. पूर्वी डॉक्टरही तिखट आणि टेन्शनलाच दोष द्यायचे, मग ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ साली पोटात सापडणारे हेलिकोबॅक्टर नावाचे जंतू घातलेलं पाणी स्वतः पिऊन दाखवलं, काही दिवसांतच उलट्या सुरू झाल्या आणि जठराला सूज आली. २००५ ला त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. अल्सरचं एक मोठं कारण हे जंतूच, आणि ते औषधांच्या कोर्सनं जातात, म्हणून अल्सर निघाला तर कोर्स अर्धवट सोडायचा नाही.

अल्सरचं दुसरं मोठं कारण मात्र आपल्या गावात घरोघरी आहे आणि त्याबद्दल कुणी ओरडत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. दिवसभर मान खाली घालून विड्या वळायच्या नाहीतर लूमपाशी उभं राहायचं, संध्याकाळी मान-कंबर धरली की मेडिकलमधनं चिठ्ठीशिवाय दुखण्याची गोळी आणायची, उपाशीपोटी घ्यायची, आणि असं महिनोन् महिने. पोटाला जखम करते ती ही गोळी, चटणी नाही. यजमान किंवा तुम्ही अशी गोळी घेत असाल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, उद्यावर ढकलू नका.

प्रश्न : अभ्यास करताना बोटं मोडायची सवय आहे. आई म्हणते म्हातारपणी सांधे जातील. (जुळे सोलापूर)

उत्तर : अमेरिकेतल्या डोनाल्ड उंगर नावाच्या डॉक्टरांना त्यांची आईपण हेच म्हणायची, तर त्यांनी ५० वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं रोज मोडली, उजव्याची नाही, आणि १९९८ ला छापून सांगितलं की संधिवात दोन्ही हातांत नाही. एकाच माणसावरचा प्रयोग आहे हा, पण इतरांच्या अभ्यासातही बोटं मोडण्यानं संधिवात होतो असं दिसलेलं नाही. आवाज हाडाचा नसतोच, सांध्यातल्या वंगणात गॅसचा बुडबुडा होतो त्याचा असतो. आपल्या आज्या दृष्ट काढताना कानशिलावर इतक्या प्रेमानं बोटं मोडतात, त्यांनाही काही होत नाही. दुखत असेल, सूज असेल किंवा सकाळी बोटं आखडत असतील तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखव, आणि आईसमोर नको मोडू.