बोलण्याआधी लोक माणूस बघतात

ठिबक सिंचनावर शेतकऱ्यांपुढे बोलायला पहिल्यांदाच उभा राहतोयस, म्हणून लिहितो. भाषण पाठ केलंस ते चांगलंच केलंस. पण पारावर बसलेली मंडळी मनात आधी विचारतात, हा कोण आणि याच्या रानात काय आहे? पदवी, सत्कार एका वाक्यात उरक. ड्रिपर, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणारी तोंडं, क्षारांनी बुजले तेव्हा पाण्यातून आम्ल सोडून नळ्यांची लाईन कशी धुतलीस, उंदरांनी नळ्या कुरतडल्यावर काय केलंस, ते सविस्तर सांग. ज्याने हे निस्तरलंय त्यालाच ते सांगता येतं आणि शेतकरी ते लगेच ओळखतो.

गाडगेबाबांचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. दिवसा खराट्याने गाव झाडायचे, रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहायचे. वडील दारूपायी गेलेले. मुलीच्या बारशाला दारू-मटणाचा रिवाज मोडून त्यांनी गोडाचं जेवण घातलं होतं. असा माणूस ‘दारू सोडा’ म्हणाला, तर ‘तुला काय ठाऊक?’ असं कोण विचारणार? शिवाय ते समोरच्यांनाच प्रश्न विचारायचे, उत्तर लोकांच्याच तोंडून यायचं. ही लकब जरूर उचल.

मात्र आपला अनुभव सगळ्यांना लागू पडतो असं दाखवू नकोस. तुझं रान काळं असेल तर मुरमाड रानवाल्यांना तसं स्पष्ट सांग. खर्च हमखास विचारतील, तेव्हा पावत्यांची फाईल जवळ ठेव.