आधी वॉर्ड बघून या

सप्रेम नमस्कार.

मुलीला एमबीबीएससाठी दोन पर्याय दिसताहेत, असं तुम्ही लिहिलंय. घराजवळचं नवं खासगी कॉलेज, जिथे एसी वर्ग आणि चकाचक स्किल लॅब (पुतळ्यांवर सराव करायची खोली) आहे. किंवा दोनशे किलोमीटरवरचं जुनं सरकारी कॉलेज, जिथले जिने पानाने रंगलेत. फीची सोय होईल, पण 'डॉक्टर म्हणून ती कुठे चांगली तयार होईल?' हा तुमचा प्रश्न.

अभ्यासक्रम दोन्हीकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आखलेलाच आहे. साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. पहिलं वर्ष अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्रीचं. त्यात पाठांतर पुष्कळ, आणि व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हाड हातात देऊन उजवं की डावं विचारणारे परीक्षक सगळीकडे भेटतात. इथे कॉलेजमुळे फारसं बिघडत नाही.

खरा फरक पडतो तो दुसऱ्या वर्षापासून, क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डात रुग्णांजवळ शिकणं, सुरू झाल्यावर. विद्यार्थ्याने रुग्णाची हिस्ट्री घ्यायची, तपासायचं आणि सरांसमोर केस मांडायची. 'पोट दुखतंय' एवढं लिहून भागत नाही. कळ येऊन जाते की सतत ठणकतं? जेवल्यावर वाढतं की कमी होतं? तंबाखू किती वर्षांपासून? निदानाची निम्मी वाट या प्रश्नांतच सापडते, आणि ते विचारायची सवय रोज नवा माणूस समोर आल्याशिवाय लागत नाही. वाढलेली प्लीहा बोटांना लागणं, हृदयातला मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) कानाला ओळखू येणं, हेही पुन्हा पुन्हा तपासूनच जमतं. स्किल लॅब वाईट नाही. सीपीआर, टाके, इंजेक्शन आधी तिथेच शिकावं. पण पुतळा घाबरत नाही, आणि दारूबद्दल विचारल्यावर खोटंही बोलत नाही.

म्हणून दोन्हीकडे एखाद्या सोमवारी सकाळी दहाला, न कळवता जा. ओपीडीची रांग बघा, वॉर्डातल्या किती खाटांवर रुग्ण आहेत ते बघा. ऑफिसात माहितीपत्रक मिळेल. खरी माहिती कँटीनमधल्या इंटर्नकडे असते. नॉर्मल डिलिव्हरी स्वतः केल्या का, रात्री कॅज्युअल्टीत काय करू देतात, खाटेशेजारचं क्लिनिक, म्हणजे रुग्णाजवळ उभं राहून शिकवणं, प्राध्यापक स्वतः घेतात का, हे त्यांना विचारा.

हा शेवटचा प्रश्न सरकारी कॉलेजात मुद्दाम विचारा. नुसत्या गर्दीने कुणी शिकत नाही. शिकवणाऱ्यांची पदं रिकामी असली, तर इंटर्न दिवसभर रक्ताचे नमुने आणि कागद पोचवत फिरतो. उलट, वॉर्ड भरलेली खासगी कॉलेजंही आहेत. तुमच्या जवळचं त्यातलं असेल, तर मी हरकत घेणार नाही.

दोन्हीकडे शिकवणं नीट चालत असेल, तर माझा कल सरकारीकडे. पदवीनंतर बाँडचं एक वर्ष सरकारी सेवेत द्यावं लागेल, हे धरून चाला. नव्या डॉक्टरला ते वर्ष पुष्कळ शिकवतं, असं माझं मत. अंतराचं फार मनावर घेऊ नका, हॉस्टेलवर राहण्याचा फायदाही असतो. पहिल्या वर्षी लागणारा हाडांचा संच आणि जुन्या प्रश्नपत्रिका हॉस्टेलच्या सीनियरकडूनच मिळतात.

जाताना मुलीला बरोबर न्या, आणि इंटर्नशी तिलाच बोलू द्या.