एसएमपीएसने मदरबोर्डही जाळला. दुकानदार म्हणतो, फक्त एसएमपीएस बदलून देतो

प्रश्न : मी सांगलीत घरातल्याच एका खोलीत डीटीपीची आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याची कामं करते. परीक्षांच्या दिवसांत एक मुलगी मदतीला असते. माझ्या जुन्या कॉम्प्युटरला मागच्या वर्षी कोल्हापूरच्या एका दुकानातून नवा एसएमपीएस (कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणारा डबा) बसवून घेतला. बिल आहे, त्यात बसवणावळही लावली आहे. गेल्या महिन्यात काम चालू असताना फट्‌ आवाज झाला, जळका वास सुटला आणि मशीन बंद पडलं. मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क तिन्ही गेल्याचं इथला मेकॅनिक सांगतो. दुकानदार म्हणतो, ‘एसएमपीएस आणून द्या, वॉरंटीत बदलून देतो. बाकीचं तुमच्या लाइनच्या व्होल्टेजमुळे गेलंय.’ इतर नुकसानीला कंपनी जबाबदार नाही, असं वॉरंटी कार्डावरही छापलंय. मला भरपाई मिळेल का? — एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, भरपाई मागता येते. पण आधी एक गोष्ट सांगते : तो जळका एसएमपीएस इतक्यात दुकानदाराच्या हाती देऊ नका. वॉरंटीत नवा मिळाला की जुना कंपनीकडे जातो आणि परत येत नाही. मग तो सदोष होता हे दाखवायला तुमच्याकडे काय उरणार? हातचा पुरावा देऊन लोक नवा डबा घेऊन येतात आणि मग नोटीस पाठवायला येतात. दुकानदाराला लेखी कळवा की वस्तू माझ्याकडे जपून ठेवली आहे, तपासणी झाल्यावर देईन. व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलंत तरी चालेल.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘उत्पादन दायित्व’, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या नुकसानीची जबाबदारी, असं स्वतंत्र प्रकरण आहे, कलम ८२ ते ८७. सदोष वस्तूने त्या वस्तूखेरीज दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान केलं, तर ती कलम २(२२) प्रमाणे ‘हानी’ ठरते. तुमच्या बाबतीत सदोष वस्तू म्हणजे एसएमपीएस आणि दुसरी मालमत्ता म्हणजे तुमचे आधीपासूनचे मदरबोर्ड, कार्ड आणि डिस्क. संपूर्ण असेंबल्ड कॉम्प्युटर एकाच बिलावर घेतला असता, तर ‘सगळी मिळून एकच वस्तू’ असा वाद समोरच्याला घालता आला असता. तुम्ही फक्त एसएमपीएस बदलून घेतलात, त्यामुळे तुमची बाजू अधिक स्वच्छ आहे. मात्र याच व्याख्येतून वॉरंटीच्या अटी मोडल्यामुळे झालेलं नुकसान आणि व्यावसायिक वा आर्थिक तोटा वगळला आहे. म्हणून तक्रारीचा रोख ‘वॉरंटी पाळली नाही’ असा ठेवू नका. ‘वस्तू सदोष होती आणि तिने माझं दुसरं सामान जाळलं’ असा ठेवा. कार्डावरची ती ओळ म्हणजे कंपनीने आपल्या आश्वासनाला स्वतः घातलेली मर्यादा. कायद्याने येणारी जबाबदारी तेवढ्याने पुसली जात नाही.

खरी लढाई होईल ती ‘लाइनचं व्होल्टेज’ या मुद्द्यावर. तिथे कलमांपेक्षा तपासणी कामाला येते. दुकानाशी संबंध नसलेल्या हार्डवेअर इंजिनियरकडून लेखी अहवाल घ्या. प्रत्येक भागाचा सिरियल नंबर, लेबलचे फोटो, जळकी जागा जवळून घेतलेल्या फोटोत, हे त्यात हवंच. मदरबोर्ड, रॅम, प्रोसेसर, कार्ड हे एकेक करून चांगल्या चालू मशीनवर आणि चांगल्या एसएमपीएसवर तपासायला सांगा. नुसतं ‘सगळं डेड’ असं लिहून चालणार नाही. संशयित एसएमपीएस मात्र कुणाच्याही चालू मशीनला जोडू देऊ नका, नाहीतर तेही जाईल. तो सुटा चालू करून, म्हणजे २४ पिनच्या कनेक्टरची हिरवी वायर काळीला जोडून, मल्टिमीटरने मोजता येतो. त्यातून बाहेर येणाऱ्या १२ व्होल्टच्या लाइनवर ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टच्या लाइनवर ४.७५ ते ५.२५ यांच्या बाहेर आकडा गेला, तर तो आकडा आणि मीटरचा फोटो अहवालात यायला हवा. सुरूच झाला नाही, तर तसं लिहायचं. डबा उघडायचा नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) बंद केल्यावरही विजेचा जीवघेणा दाब, म्हणजे व्होल्टेज, राहू शकतो. शिवाय सील तुटलं की कलम ८७ मधला ‘वस्तूत फेरफार केला’ हा बचाव समोरच्याला आयता मिळतो.

हार्ड डिस्कच्या सर्किटवर पुष्कळदा ५ आणि १२ व्होल्टच्या लाइनवर संरक्षक डायोड असतात. जास्त दाब आला की ते शॉर्ट होऊन पुढचं वाचवतात. तसे ते शॉर्ट झालेले आढळले, तर जास्तीचा दाब एसएमपीएसमधून बाहेर आला, याची ती मोठी खूण आहे. अशा वेळी डेटाही बऱ्याचदा शाबूत असतो, म्हणून डिस्क कुणाला ‘जुगाड’ करायला देऊ नका. आणखी एक बघा : तुमचा मॉनिटर, प्रिंटर, राउटर त्याच एक्स्टेंशन बोर्डवर होते का, आणि ते आज चालतात का? चालत असतील तर ‘लाइनमुळे गेलं’ हे म्हणणं बरंच लंगडं पडतं. वायरमनकडून अर्थिंग तपासून त्याचंही लेखी घ्या. एसएमपीएसच्या खोक्यावर ‘ओव्हर व्होल्टेज प्रोटेक्शन’ छापलं असेल, तर खोकं जपून ठेवा. छापलेल्या हमीप्रमाणे वस्तू वागली नाही, तर कलम ८४ खाली उत्पादक जबाबदार ठरतो, मग त्याचा निष्काळजीपणा नसला तरी. उलट दोष खरोखर घरच्या विजेच्या लाइनचाच निघाला, तर या दाव्यात जीव राहणार नाही, हेही मनाशी धरा.

दुकानदार ‘मी फक्त विकतो’ म्हणेल. पण कलम ८६ प्रमाणे उत्पादक कोण हे कळत नसेल, किंवा त्याच्यावर भारतात नोटीस बजावता येत नसेल, किंवा वस्तू जोडताना-तपासताना वाजवी काळजी घेतली नसेल, तर विक्रेताही जबाबदार धरला जातो. बसवणावळीची ती ओळ इथे कामाला येईल. लेबलवर आयातदाराचं नाव असेल तर त्यालाही सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध तक्रार तो) करा.

‘तुम्ही व्यावसायिक, ग्राहक नाही’ हा आक्षेपही येईल. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच वस्तू वापरणारा ग्राहकच असतो, असं कलम २(७) चं स्पष्टीकरण सांगतं. आणि एक-दोन मदतनीस ठेवल्याने तो हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनियरिंग वर्क्स प्रकरणात म्हटलेलं आहे.

मागायचं काय? एसएमपीएसची किंमत, तिन्ही भागांची आजची वाजवी किंमत, तपासणीचा खर्च, डेटा परत मिळवण्याच्या खर्चाचं लेखी अंदाजपत्रक आणि तक्रारीचा खर्च. जुन्या मदरबोर्डला नव्याची किंमत मिळेल अशी आशा धरू नका, घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, धरला जाईल. बुडालेल्या कमाईसाठी कलम ३९ खाली निष्काळजीपणाची भरपाई मागता येईल, पण ती सिद्ध करणं अवघड असतं. हातातून गेलेल्या कामांच्या पावत्या असतील तरच मागा.

आधी दुकानदार आणि आयातदाराला स्पीड पोस्टने १५ दिवसांची नोटीस द्या. दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा, काही प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर तक्रार सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात करा. दुकान कोल्हापूरचं असलं तरी तुम्ही राहता तिथे दाखल करण्याचा हक्क कलम ३४ देतं. दिलेल्या मोबदल्याची रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. इंजिनियरचं प्रतिज्ञापत्र जोडा. फोटो आणि चॅट जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र द्या. दोषावर वाद राहिला तर आयोग एसएमपीएस सील करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याची फी बहुधा तुम्हालाच आधी भरावी लागेल. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे, पण तपासणी याच आठवड्यात करून घ्या.