कायम ८००-९०० किलो सामान लादून कच्च्या रस्त्यावर, नदीनाल्यातून गाडी चालवायची असेल तर मागचा ॲक्सल कोणता घ्यावा?

फुल-फ्लोटिंग प्रकारचाच घ्या, शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) किती जाड हे नंतर बघा. दुसऱ्या, सेमी-फ्लोटिंग प्रकारात तोच शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. खड्ड्यात आपटलं की तो वाकतो, आणि बेअरिंगच्या बाहेरच्या बाजूला तुटला तर चाकच निघून जातं. फुल-फ्लोटिंगमध्ये वजन हब (चाक बसतं तो मधला भाग) आणि त्यातल्या दोन टेपर बेअरिंगमार्फत थेट हाउसिंगवर, म्हणजे ॲक्सलच्या बाहेरच्या कवचावर जातं. शाफ्टला फक्त पीळ सोसायचा असतो. तो तुटला तरी चाक जागेवर राहतं, तुकडे बाहेर ओढून काढता येतात, आणि फोर-व्हील असेल तर पुढच्या चाकांच्या जोरावर हळूहळू गावापर्यंत पोचता येतं. लँड क्रूझर ७९ आणि जुनी डिफेंडर याच प्रकारातल्या.

जुनी गाडी बघताना मागच्या चाकाच्या मध्यभागी नजर टाका. हब बाहेर आलेला आणि त्यावर नट-बोल्टांचं गोल कडं दिसलं तर बहुतेक फुल-फ्लोटिंग. मग क्राउनचा, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या मोठ्या दातेरी चाकाचा व्यास विचारा. लँड क्रूझरचा ९.५ इंची आहे, त्याहून फार लहान नको. मोठ्या टायरसाठी रेशो (क्राउन आणि पिनियनच्या दातांचं प्रमाण) बदलताना पिनियनचे, म्हणजे क्राउनला फिरवणाऱ्या लहान दातेरी चाकाचे दात कमी होऊन पिनियन बारीक होतो, हे दुकानदार सहसा सांगत नाही.

मात्र ॲक्सल बदलून गाडीची भारक्षमता वाढत नाही. चेसिस, स्प्रिंग, ब्रेक तेच राहतात. शिवाय भारतात असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही.