नऊ माणसांच्या कुटुंबासाठी नवे घर की जुने?

आपण लिहिल्याप्रमाणे घरात तीन पिढ्यांची मिळून नऊ माणसे आहेत: आजी-आजोबा, आपण दोघे, धाकटा भाऊ व त्याची पत्नी आणि चार ते पंधरा वर्षांची तीन मुले. पर्याय दोन आहेत. पहिला, नुकतेच पूर्ण होत आलेले दुमजली घर, ज्यात पाच लहान शयनगृहे आणि चार न्हाणीघरे आहेत. दुसरा, सुमारे 45 वर्षांपूर्वीचे घर, ज्यात चार प्रशस्त खोल्या आहेत पण न्हाणीघरे दोनच. दुरुस्तीची कटकट नको म्हणून आपला कल नव्याकडे आहे, ज्येष्ठांना मात्र जुने आवडले आहे, आणि किमती जवळपास सारख्या असल्याने पैशाच्या बाजूने निकाल लागत नाही.

मी 22 वर्षे अकरा माणसांच्या कुटुंबात एका जुन्या घरात राहिलो आणि गेली 9 वर्षे नव्या बांधकामात राहत आहे. त्या दोन्ही अनुभवांवरून माझे मत आधी सांगतो आणि मग कारणे देतो. जुन्या घराचा सांगाडा शाबूत असल्याचे संरचना अभियंत्याने लेखी दिले, आणि तळमजल्यावर तिसरे न्हाणीघर करता येत असेल, तर आपण जुने घर घ्यावे. यांपैकी एक जरी अट पूर्ण होत नसेल, तर नवे घ्यावे.

मोठ्या कुटुंबाच्या घराची खरी परीक्षा सकाळच्या दीड तासात होते. त्या वेळेत तिघांना शाळेत जायचे असते, चौघांना कामावर, आजोबांना शौचालय लागते तेव्हा थांबता येत नाही, आणि स्वयंपाकघरात दोघे एकाच वेळी उभे असतात. दोन्ही घरांचे नकाशे समोर ठेवून प्रत्येक माणूस पहाटेपासून बाहेर पडेपर्यंत कोठून कोठे जातो हे पेन्सिलीने काढून पाहावे. रेघा जिथे एकमेकींना सारख्या छेदतात, तिथे रोज खोळंबा होणार. आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघरातून गेल्याशिवाय न्हाणीघर गाठता येत नसे, आणि त्या एका दोषाने जेवढी चिडचिड झाली तेवढी गळक्या छताने कधी केली नाही. छत दुरुस्त झाले, पण ती वाट शेवटपर्यंत तशीच राहिली, कारण मधली भिंत भार पेलणारी होती. घराचे वय आणि घराची मांडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कुटुंब जितके मोठे तितकी मांडणी जड ठरते.

या कसोटीवर चार न्हाणीघरांचे नवे घर वरचढ दिसते, हे मान्य. परंतु ती चार कोणत्या मजल्यावर आहेत आणि किती जणांना दुसऱ्याच्या खोलीतून न जाता वापरता येतात, हे पाहावे. चारांपैकी तीन वरच्या मजल्यावरच्या शयनगृहांना जोडलेली असतील, तर आजी-आजोबा, पाहुणे आणि खेळून आलेली मुले यांच्या वाट्याला तळमजल्यावरचे एकच येते. पाण्याचाही हिशोब करावा. साध्या शॉवरमधून मिनिटाला 8 ते 10 लिटर पाणी जाते, म्हणजे नऊ माणसांनी दहा-दहा मिनिटे अंघोळ केली तर सकाळीच 700 ते 900 लिटर लागतात. टाकी, पंप आणि पाणी तापवण्याची सोय तेवढी नसेल तर न्हाणीघरांची संख्या कागदावरच राहते.

खोल्यांच्या मापांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण नव्या घरात आमची फसगत इथेच झाली. बांधकाम व्यावसायिकाने दिलेल्या नकाशात प्रत्येक शयनगृहात पलंग आणि कपाट व्यवस्थित बसलेले दाखवले होते. राहायला गेल्यावर लक्षात आले की नकाशातला पलंग 1.8 मीटर लांबीचा होता आणि आमचा, डोक्याकडची फळी धरून, 2.1 मीटरचा. परिणामी एका खोलीत कपाटाचे दार अर्धेच उघडत असे. शेवटी ते कपाट काढून सरकत्या दाराचे करावे लागले. म्हणून खोलीची भिंतीपासून भिंतीपर्यंतची मोकळी जागा स्वतः टेपने मोजावी, आपल्या सामानाची मापे जमिनीवर खडूने आखावीत, आणि पलंगाच्या कडेने किमान 60 सेंटीमीटरची वाट उरते का ते पाहावे. दोन मुले एका खोलीत राहणार असतील तर दोन पलंगांबरोबर दोघांच्या अभ्यासाची जागाही आखून पाहावी. पाच लहान खोल्यांपेक्षा चार मोठ्या खोल्या अशा कुटुंबाला अधिक उपयोगी पडतात असा माझा अनुभव आहे, कारण मुले वाढतात, कोणी शिकायला बाहेर जाते, कोणी परत येते, आणि मोठी खोली प्रत्येक वेळी निराळ्या कामाला लावता येते.

आता नव्या घराला दुरुस्ती लागत नाही या समजाविषयी. एक घनमीटर काँक्रीट तयार करताना साधारण 150 ते 200 लिटर पाणी घालतात. त्यातले सुमारे निम्मे सिमेंटशी रासायनिक रीतीने बांधले जाते आणि उरलेले हळूहळू बाहेर पडते. काँक्रीटची ताकद 28 दिवसांच्या मापाने तपासली जाते, पण भिंती, गिलावा आणि फरशीखालचा थर पूर्ण वाळायला कित्येक महिने, जाड बांधकामात एक-दोन वर्षेही लागतात. त्यात माणसांची भर पडते. श्वास, अंघोळ, स्वयंपाक आणि आत वाळत घातलेले कपडे यांतून चार जणांचे कुटुंब दिवसाला सुमारे 10 लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत सोडते, तेव्हा नऊ जणांचे 20 लिटरच्या आसपास धरायला हरकत नाही. खिडक्या घट्ट बसणाऱ्या आणि न्हाणीघरात हवा बाहेर फेकणारा पंखा नाही, अशा नव्या घरात हे पाणी कपाटांमागच्या थंड भिंतीवर जमते आणि तिथे बुरशी धरते. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी कपाट सरकवले तेव्हा मागे गुडघाभर उंचीपर्यंत काळे ठिपके पसरलेले होते आणि खालच्या कप्प्यातले कपडे हाताला दमट लागत होते. बांधकामात दोष नव्हता. एवढ्या माणसांसाठी वायुवीजन पुरे पडत नव्हते. नवे घर घेतल्यास पहिली दोन वर्षे सामान भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे आणि लगेच महागडे रंगकाम किंवा भिंतीला जडवलेले फर्निचर करू नये. दाबून बनवलेल्या लाकडी बोर्डांतून फॉर्मल्डिहाइड हा वायू सुटतो, आणि 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तो कर्करोगकारक ठरवला आहे. लहान मुलांच्या खोल्या भरपूर दिवस उघड्या ठेवून मगच वापरात आणाव्यात.

गिलाव्यावरच्या केसासारख्या भेगा नव्या घरात अपेक्षितच असतात आणि त्यांनी घाबरू नये. ताबा घेण्यापूर्वी सगळे नळ एकदम सोडून पाहावेत, न्हाणीघराच्या फरशीवर बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जाते की कोपऱ्यात साचते हे बघावे, आणि दोष दुरुस्त करण्याची मुदत लेखी घ्यावी. आवाजाचीही चाचणी घ्यावी: एका खोलीत बोलत राहावे आणि दुसऱ्याने दार लावून शेजारच्या खोलीत ऐकावे. पातळ, पोकळ भिंतींच्या घरात रात्री उशिरा येणारा आणि पहाटे उठणारा एकमेकांची झोप मोडतात. जुन्या घराच्या जाड विटांच्या भिंती या बाबतीत फार उपकारक असतात, कारण भिंतीचे वजन जितके अधिक तितका आवाज कमी पलीकडे जातो.

जुन्या घराची तपासणी मात्र कठोरपणे करावी. 45 वर्षांच्या काँक्रीटमध्ये पाहायची मुख्य गोष्ट म्हणजे सळईचा गंज. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू काँक्रीटमध्ये मुरतो, त्याची अल्कता कमी करतो आणि सळईचे संरक्षण नाहीसे होते. गंजलेले लोखंड मूळ आकाराच्या दोन ते सहा पट जागा घेते, म्हणून वरचे काँक्रीट फुगते आणि खपल्या पडतात. सज्जाच्या, न्हाणीघराच्या आणि गच्चीच्या खालच्या छतावर लाकडी दांड्याने हलके ठोकत जावे. भरीव जागी आवाज टणक येतो आणि सुटलेल्या जागी भद्द येतो. आमच्या घरी अभियंत्याने असेच ठोकता ठोकता न्हाणीघराच्या छताची हाताएवढी खपली खाली आणली होती, आणि आत बोटभर जाडीची सळई करंगळीपेक्षा बारीक झालेली दिसली. वरून रंग अगदी ताजा होता. विक्रीपूर्वी नव्याने रंगवलेल्या घराची तपासणी म्हणूनच दुप्पट काळजीने करावी. खांब आणि तुळयांमध्ये सळईच्या रेषेत भेगा असतील, किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली आणि बोटाचे नख आत जाईल एवढी रुंद भेग असेल, तर अभियंत्याचे मत आल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ओल पाहताना ती कोठून येते हे ओळखावे. जमिनीतून वर चढणारी ओल बहुधा मीटरभर उंचीपर्यंत पट्ट्यासारखी दिसते आणि पांढरे क्षार सोडते. छतापासून खाली उतरणारा डाग गळतीचा असतो. भिंती चुन्याच्या असतील तर त्यांवर सिमेंटचा गिलावा देऊ नये, कारण चुना ओल बाहेर सोडतो आणि सिमेंट ती आत कोंडते. वाळवीच्या मातीच्या नळ्या चौकटींच्या मागे आणि माळ्यावर शोधाव्यात.

वायरिंग आणि नळाचे पाइप हे दोन्ही बदलावे लागणार असे गृहीत धरूनच भाव ठरवावा. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद होतात, त्यामुळे एक नळ सोडला की दुसऱ्याची धार करंगळीएवढी होते. जुन्या वायरिंगची रचना काही दिवे आणि पंख्यांसाठी झालेली असते. नऊ माणसांच्या घरातली आजची उपकरणे ती पेलू शकत नाही. अर्थिंग तपासून घ्यावे आणि गळणारा विजेचा प्रवाह 30 मिलिअँपिअरला पोहोचताच वीज आपोआप तोडणारे संरक्षक स्विच बसवावेत. लहान मुलांच्या दृष्टीने जुन्या रंगाकडे विशेष लक्ष द्यावे. शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि घरगुती रंगातील शिशावर अमेरिकेने बंदी घातली तीही 1978 मध्ये. असा रंग कोरडा घासू नये, त्याची धूळच घातक असते. ॲस्बेस्टॉसचे पत्रे किंवा पाइप आढळल्यास ते स्वतः फोडू नयेत, जाणकाराकडून काढून घ्यावेत.

या सगळ्या कामांचा खर्च लोक धरतात, पण वेळ धरत नाहीत, आणि मोठ्या कुटुंबाची चूक नेमकी इथे होते. दोघे-तिघे असतील तर एका खोलीत राहून दुसरीचे काम काढता येते. नऊ जणांना ते शक्य नाही. आम्ही घरात राहता राहता पाइप बदलायला घेतले, तीन आठवड्यांचे काम सात आठवडे चालले, आणि तेवढे दिवस अकरा माणसे एका न्हाणीघरावर होती. त्यात वडील दम्याचे रुग्ण होते, आणि सिमेंटच्या धुळीचा त्यांना झालेला त्रास आठवला की अजूनही वाईट वाटते. तेव्हा सध्याचे घर आपल्याला किती महिने हाताशी ठेवता येईल, हे आधी पक्के करावे. वायरिंग, पाइप आणि तिसरे न्हाणीघर पूर्ण होऊन भिंती वाळेपर्यंत कोणीही राहायला जाऊ नये. तेवढी सवड नसेल, तर सांगाडा उत्तम असला तरी मी नव्या घराच्या बाजूने मत देईन.

तिसऱ्या न्हाणीघराची अट मी आजी-आजोबांसाठी घातली आहे. ते तळमजल्यावर झोपणार असतील तर न्हाणीघर त्यांच्या दारापासून काही पावलांवर असावे, उंबरठा नसावा, आणि दाराची मोकळी रुंदी 80 ते 90 सेंटीमीटर असावी, म्हणजे पुढे चाकांची खुर्ची वापरायची वेळ आली तरी अडचण येत नाही. खुर्ची वळायला आत 150 सेंटीमीटर व्यासाची जागा लागते. जुन्या घराच्या प्रशस्त खोलीतून एवढा कोपरा काढता येतो. नव्या घरातल्या लहान न्हाणीघरात तो कसाही निघत नाही. मात्र मैलापाइपाला पुरेसा उतार मिळाला पाहिजे, म्हणून सध्याचा चेंबर त्या कोपऱ्यापासून किती दूर आणि किती खोल आहे, हे व्यवहारापूर्वी प्लंबरला नेऊन मोजून घ्यावे. जिनाही मोजावा. दोन पायऱ्यांची उंची आणि एका पायरीची पाऊल ठेवायची (पुढून मागपर्यंतची) रुंदी यांची बेरीज 60 ते 65 सेंटीमीटरच्या दरम्यान आली तर जिना पायाला सोपा पडतो. काही जुन्या घरांत तो फार उभा असतो, तेव्हा तिथे दोन्ही बाजूंना कठडा लावून घ्यावा.

नव्या घराकडे वळावे लागलेच, तर वरच्या मजल्यावरील दोन लहान शयनगृहांमधली भिंत भार पेलणारी आहे का, हे बांधकामाच्या आराखड्यावरून विचारून ठेवावे. नसेल तर ताबा घेतानाच ती काढून मुलांसाठी एक मोठी खोली करून घ्यावी.

या आठवड्यात शक्य असल्यास जुन्या घरी आजी-आजोबांना घेऊन सकाळी लवकर जावे, तासभर थांबावे, दोन्ही न्हाणीघरांचे व स्वयंपाकघराचे नळ एकदम चालू ठेवावेत, आणि आजोबांना त्यांच्या ठरलेल्या खोलीतून न्हाणीघरापर्यंत एकट्याने चालत जाऊ द्यावे. अभियंत्याचा अहवाल हातात आल्यावर त्यातील खांब, तुळई आणि छतांविषयीचा भाग इथे लिहिलात, तर त्याप्रमाणे पुढचे सांगता येईल.