दुर्बीण नंतर, आधी उंबर शोधा

पक्षी पाहायला दुर्बिणीची घाई नको. घराजवळचा फळांनी लगडलेला उंबर किंवा वड शोधा आणि सकाळी लवकर मुलांना घेऊन तिथे निवांत उभे राहा. तांबट बहुधा भेटतोच. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर नि छातीवर लाल. पानांत तो चटकन दिसत नाही, म्हणून आधी त्याची ‘टुक्-टुक्’ ऐकू द्या. ओरडताना चोच मिटलेली असते आणि गळा फुगतो. हे पाहून मुलं हरखतात. आजी-आजोबांनाही न्याच.

पुढे घ्यायचीच तर ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमीचं) दुर्बीण घ्या.

एक मात्र कळकळीने सांगते: मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नका. विणीच्या दिवसांत दुसरा नर आला असं समजून नर घरटं सोडून हद्द राखायला धावतो, आणि पिल्लं उपाशी राहू शकतात.